कोपरापर्यंत हात

चिमटा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण जनावरांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं ड्रेसर म्हणून काढल्यावर खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. गायीच्या घशात बटाटा अडको की म्हशीच्या घशात बीट, हा शर्टाची बाही वर सारायचा, हात कोपरापर्यंत आत घालायचा, डोळे मिटायचा आणि दोन बोटांत पकडून ती वस्तू अलगद बाहेर काढायचा. दवाखान्याच्या खिडकीत त्याने आपली कमाई ओळीने मांडून ठेवली होती. मक्याचं कणीस, दोरीचा गुंडाळा, लहान मुलाचा एका पायाचा मोजा, एक वाकलेला चमचा आणि गायीचे दात उमटलेला चामड्याचा चेंडू. डॉक्टर बदलून जायचे, नवे यायचे. प्रत्येक नव्या डॉक्टरला हा पहिल्या दिवशी ती खिडकी दाखवायचा, आणि ते बिचारे पाहुण्याने यजमानाच्या घरातले फोटो बघावेत तसे मान डोलवत बघायचे.

रबराचे हातमोजे फडताळात खोक्यासकट पडलेले असायचे. "मोजा घातला की बोटं बहिरी होतात," असं त्याचं म्हणणं. गेल्या वर्षी आलेल्या डॉक्टरांनी एक कागद छापून आणला होता. जनावर लाळ गाळतंय आणि गिळत नाही, तर आधी ते पिसाळलंय असं धरा, हातमोज्याशिवाय तोंडात हात घालू नका, असं त्यावर मोठ्या अक्षरांत होतं. चिमट्यानेच डिंक लावून तो भिंतीला चिकटवला आणि दर सोमवारी फडक्याने पुसला. सरकारी भिंतीवरचे कागद कोणी वाचायला लावत नाही, लावायला सांगितलेत म्हणून लावतात, हे त्याला एकतीस वर्षांत पाठ झालं होतं.

बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. उरली होती एक मुलगी, आणि तिने आपल्या मनाने एका शिंप्याशी लग्न केलं होतं. माणूस सरळ होता, कामसू होता, व्यसन म्हणाल तर रेडिओचं. पण चिमट्याला तो पटत नव्हता. हाडापेराने काटकुळा, हात लांबच लांब आणि बोलणं असं हळू की समोरच्याने कान पुढे करावा. "दिवसभर सुई धरायला कसली जिगर लागते," असं चिमटा मुलीला तोंडावर म्हणायचा, आणि जावई ऐकू आलं तरी हसायचा. वर त्याने सासऱ्यासाठी खास एक शर्ट शिवला होता. उजवी बाही कोपराच्या वरपर्यंत उघडणारी, तीन बटणांची, म्हणजे हात आत घालताना कापड मध्ये यायला नको. चिमटा रोज तोच शर्ट घालायचा. पण सहा वर्षांत कौतुकाचा एक शब्द त्याच्या तोंडून फुटला नव्हता. जावई त्याला मामा म्हणायचा, आणि हा त्याला जावईबापू म्हणायचा, पण अशा सुरात की त्यातला बापू गळून पडावा.

रविवारचं जेवण मुलीकडे असायचं. त्या रविवारी हात धुवून तो बसतो न बसतो तोच गोठेवाल्याचा फोन आला. गोठेवाला म्हणजे तीस गायी, चाळीस घरांना दूध आणि चोवीस तास काळजी. फोनवर तो रडायच्या बेतात होता. काळी गाय सकाळपासून काही गिळत नव्हती, तोंडातून लाळेची तार लागली होती. काल हॉटेलातून टोपलीभर बटाट्याची सालं आणली होती, त्यात एखादा अख्खा बटाटा गेला असणार. डॉक्टर दहा दिवस प्रशिक्षणाला बाहेर. चिमट्याची सायकल दवाखान्यात होती. जावई म्हणाला, "चला मामा, मी सोडतो स्कूटरवर."

पाच वर्षांची नात दारापर्यंत आली. तिला आजोबांचं बोट धरल्याशिवाय कोणाला निरोप देता यायचा नाही. तिने बोट धरलं, सोडलं आणि दोघं निघाले.

गाय गोठ्याच्या टोकाला बांधलेली होती. मान पुढे ताणलेली, तोंड अर्धवट उघडं, लाळ जमिनीपर्यंत. चिमट्याने लांबूनच बघितलं आणि म्हणाला, "बटाटा." गोठेवाल्याच्या छातीवरचा दगड उतरला. गड्यांनी गायीचं डोकं धरलं, दातांमध्ये लाकडी ठोकळा बसवला, आणि चिमट्याने बाहीची तीन बटणं उघडली.

पण एक गोष्ट झाली होती, जी त्याने कोणाला सांगितली नव्हती. हिवाळ्यात एका वळूने त्याचा उजवा अंगठा खांबाशी चिरडला होता. तो बरा झाला, पण दुमडेना. हात आत गेला खरा, मनगटापर्यंत, आणि मग अंगठा आडवा आला. त्याने पुन्हा घातला. पुन्हा तेच. गडी बघत होते, गोठेवाला बघत होता. निवृत्तीला सहा महिने उरले असताना लोकांनी आपल्याला असं बघावं हे त्याला सोसेना. त्याने हात बाहेर काढला, झटकला आणि मागे वळून म्हणाला, "जावईबापू, या इकडे. रोज सुईत दोरा ओवता ना? तसाच ओवायचा हात. भोक तेवढं जरा मोठं आहे."

गडी हसले. जावई पुढे आला आणि आपल्या बोटांची टोकं बघत म्हणाला, "मामा, सुया टोचून टोचून बोटांची चाळणी झालीय. युनिफॉर्मचं जाड कापड चालू आहे ना. लाळ लागली की चुरचुरेल."

"गायीच्या लाळेने कोणी मेलंय का आजवर?"

जावयाने बाही वर केली. त्याच्या शर्टाला कोपरावर बटणं नव्हती, तशी बाही त्याने फक्त सासऱ्यासाठी शिवली होती. हात सरळ आत गेला, कोपरापर्यंत, जणू तेवढ्याचसाठी लांब केलेला.

"काय लागतंय?"

"गरम आहे."

"गरमच असणार. फ्रीज आहे का तो? पुढे जा. जिभेच्या मागे."

"काहीतरी मऊ लागतंय."

"धरा. ओढू नका, सोडवून आणा. शिलाई उसवता तशी."

निघाला तो चघळलेल्या वैरणीचा एक बोळा. बटाटा नव्हताच. चिमट्याने बोळा उलटासुलटा केला आणि ठरवलं की बटाटा खाली सरकला. गाय अजून मान ताणूनच उभी होती, पण घसा सुजलाय, उतरेल, असं त्याने सांगितलं आणि सगळ्यांना पटलं. एकतीस वर्षांच्या माणसाने सांगितलं की पटतंच. जावयाच्या मनगटावर मागच्या दाढेची एक लाल रेघ उठली होती. त्याने बादलीतल्या पाण्याने हात खळबळला आणि पँटला पुसला.

परत येताना चिमट्याने स्कूटरच्या मागच्या सीटवरून जावयाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हात चांगला आहे तुमचा." बस, एवढंच. जावयाने घरी आल्यावर ते बायकोला चारदा सांगितलं, आणि चौथ्यांदा सांगताना त्यात "दवाखान्यात असते तर माझ्या जागी तुम्हालाच घेतलं असतं" हे वाक्यही आलं. तसं चिमटा म्हणाला नव्हता. पण मुलीला इतका आनंद झाला की चिमट्याने ते खोडलं नाही.

मंगळवारी गोठेवाल्याचा पुन्हा फोन आला. गाय पाणी पीत नव्हती, मागचे पाय लटपटत होते आणि सारखी हंबरत होती. चिमटा एकटाच गेला. त्याला गोठ्यात शिरावंही लागलं नाही. फाटकाशीच त्याने तो आवाज ऐकला. फुटक्या भोंग्यातून निघावा तसा घोगरा, लांबलेला आणि मध्येच तुटणारा. असा आवाज त्याने नोकरीत तीनदा ऐकला होता, आणि तिन्ही वेळा ते जनावर पिसाळलेलं होतं.

"महिन्याभरात कुत्रं शिरलं होतं का इकडे?" त्याने विचारलं.

"शिरलं होतं एक. वैरणीत झोपलं होतं. हाकलताना अंगावर धावून आलं, मग गड्यांनी काठ्यांनी हाणलं." गोठेवाला त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. "का हो? काही तसलं आहे का?"

हो म्हणायला एकच क्षण होता, आणि चिमट्याने तो बघितला. हो म्हटलं की मग पुढचं सगळं क्रमाने येणार. मेल्यावर गायीचं डोकं कापून तपासणीला पाठवा, फॉर्म भरा, गोठा बंद, दूध बंद, हात लावलेल्या प्रत्येकाची यादी करा. यादीत पहिलं नाव चिमट्याचं. ज्याने तो कागद स्वतः डिंकाने चिकटवला आणि पिसाळलेल्या गायीत बटाटा शोधला. दुसरं नाव जावयाचं, आणि त्याच्यासमोर कारण लिहायचं: सासऱ्याने सांगितलं म्हणून. तो घाबरला होता, पण खरं सांगायचं तर घाबरला त्याहून जास्त लाजला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपल्याकडे शिकवतात. आत काय धरलंय ते कोणी विचारत नाही.

"छे," तो म्हणाला. "घशाला जखम झाली असेल. ताप चढलाय."

बुधवारी गाय मेली. खड्डा खोल काढायला लावून चिमट्याने वर भरपूर चुना टाकला, गड्यांना साबणाने हात धुवायला सांगितलं आणि दवाखान्यात येऊन रजिस्टर उघडलं. मृत्यूचं कारण या रकान्यात त्याने लिहिलं: घशात वैरण अडकून गुदमरून. खाली सही केली. अक्षर त्याचं नेहमी वळणदार होतं, त्या दिवशीही होतं.

इथपर्यंत त्याला माफ करणारा एखादा सापडेल. माणूस आहे, चुकतो, लपवतो. पण सोमवार आला.

जनावरांच्या दवाखान्यातल्या माणसांना दर वर्षी रेबीजची सुई मिळते. लसीकरण केंद्राची नर्स बर्फाची पेटी घेऊन यायची, ती नेमकी त्या सोमवारी आली. तिला सगळे सिस्टर म्हणायचे. चिमट्याने बाही वर केली. त्याच तीन बटणांची.

"वर्षभरात कुठे चावलं, लाळ लागली, असं काही?" सिस्टरने वहीत लिहिता लिहिता विचारलं.

"आमचं कामच लाळेचं, सिस्टर. पण तसं काही नाही."

तिने टोचलं, दंडावर कापूस दाबला. मग पेटीत बघून म्हणाली, "सफाईवाले आज आलेच नाहीत. कुपी उघडलीय, संध्याकाळपर्यंत वापरली नाही तर फेकावी लागेल. घरचं कोणी आहे का जवळपास? कुत्र्यामांजरांत वावरणारं? आणा, टोचून देते. वाया कशाला घालवायची."

शिंप्याचं दुकान तिथून दोन गल्ल्या पलीकडे होतं. चालत सहा मिनिटं. चिमटा मनात तेवढं चालूनही आला. दुकानाच्या दारात उभा राहिला, जावयाने मशीन थांबवून वर बघितलं, आणि म्हणाला, "का हो मामा?" त्या 'का'पाशीच चिमटा मनातून मागे फिरला. गाय बहुधा तापानेच गेली, असं त्याने स्वतःला सांगितलं. शिवाय हात तर धुतला होता. शिवाय जो घाबरतो त्याच्याच मागे दुखणं लागतं.

"नाही," तो म्हणाला. "घरचं कोणी नाही."

सिस्टरने कुपी पिवळ्या डब्यात टाकली. टक् असा आवाज झाला. चिमटा कापूस दंडावर दाबून बसून राहिला, रक्त केव्हाच थांबलं होतं तरी.

पुढचे सहा आठवडे काहीच झालं नाही, आणि या रोगाचं कपट तेच आहे. तो घाई करत नाही. मनगटावरची रेघ आठवड्यात बुजली. जावई प्रत्येक गिऱ्हाइकाला माप घेता घेता गायीची गोष्ट सांगायचा, आणि गोष्टीत हळूहळू बटाटाही सापडायला लागला होता. रविवारच्या जेवणाला आता तो सासऱ्याच्या शेजारी बसायचा. जावई घास गिळताना त्याच्या घशाकडे बघायची सवय चिमट्याला लागली. घास उतरला की याचा जीव भांड्यात पडायचा. आणि नात मध्येच म्हणायची, "आजोबा, तुम्ही बाबांना काय बघता सारखं?"

सातव्या आठवड्यात मुलीचा फोन आला. "बाबा, यांच्या हाताला मुंग्या येतायत. उजव्या. मनगटापासून वर. सुई टोचली तरी कळत नाही म्हणतात. युनिफॉर्मची इतकी कामं घेतलीत ना, ऐकतच नाहीत."

चिमटा चालत गेला. सहा मिनिटं. जावई मशीनपाशी बसला होता, डोळे लाल, कपाळावर घाम. बोटात सुई लागू नये म्हणून घालायचं अंगुस्तान होतं, पण हात मांडीवर पालथा पडला होता. "बसा मामा," तो म्हणाला. "दोन रात्री झोप नाही. घसाही धरलाय." त्याने फळीवरचा पाण्याचा पेला उचलला, ओठांशी नेला, आणि पाणी ओठांना लागायच्या आतच त्याची मान मागे ताणली गेली. पेला खाली पडला. निळ्या कापडाच्या गठ्ठ्यावर पाणी पसरलं. थोड्या वेळाने श्वास सावरल्यावर तो शरमून हसला.

"बघा मामा," तो म्हणाला, "आता मलाच बटाटा अडकलाय. घाला हात."

चिमट्याने आयुष्यात पुष्कळ जनावरं मरताना बघितली होती. मरायच्या आधी मेलेला माणूस तो पहिल्यांदाच बघत होता, आणि तो माणूस ओलं झालेलं कापड गोळा करत होता.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई मध्यमवयाच्या होत्या, घाईच्या पण तुसड्या नव्हेत. त्यांनी रोग्याच्या तोंडावर हळूच फुंकर मारली. त्याचा चेहरा असा आवळला की त्या लगेच मागे झाल्या. "कुत्रं चावलं होतं?" मुलगी ठामपणे म्हणाली, "नाही हो. कुत्रं नाही, मांजर नाही. ते तर दुकानातून उठतच नाहीत." बाईंनी चिमट्याकडे बघितलं. दंडाशी तीन बटणांची बाही, अंगाला गोठ्याचा वास. "तुम्ही काय करता?"

"जनावरांच्या दवाखान्यात आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "गाय होती."

सगळं सांगितलं त्याने. म्हणजे गायीचं सांगितलं, हाताचं सांगितलं. फाटकाशी ऐकलेल्या आवाजाचं नाही, आणि सिस्टरचं नाही.

बाईंनी दोघांना बाहेर व्हरांड्यात नेलं. लक्षणं दिसल्यावर यातून माणूस परत येत नाही, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. झोपेचं औषध देता येईल, त्रास कमी करता येईल, बाकी काही नाही. मुलीने भिंतीला हात टेकला. "आणि तेव्हा सुया दिल्या असत्या तर?"

"गाय मेली त्या आठवड्यात सुरू केल्या असत्या तर बहुतेक काही झालं नसतं. पुढच्या आठवड्यातही चाललं असतं."

मुलगी वळली आणि वडिलांच्या छातीवर डोकं ठेवून रडली. रडता रडता ती डॉक्टरीणबाईंना सांगत होती, "बाबांना माहीत नव्हतं हो. माहीत असतं तर त्यांनी सोडलं असतं का? जनावरासाठी रडतो तो माणूस." चिमट्याचा हात तिच्या पाठीवर होता. तो तिथेच राहिला. ती बोलत गेली, आणि प्रत्येक वाक्यागणिक खरं बोलणं आणखी लांब गेलं.

खोलीतला पंखा बंद केला. वाऱ्याची झुळूकही त्याला सोसत नव्हती म्हणून खिडकीवर घोंगडी लावली आणि बेसिनचा नळ घट्ट करून वर फडकं बांधलं. पाण्याचं नावसुद्धा कोणी काढायचं नाही असं ठरलं. दुपारी औषध उतरलं की तो घटकाभर अगदी शहाण्यासारखा शुद्धीवर यायचा. तशा एका वेळी त्याने चिमट्याला जवळ बोलावलं. आवाज घोगरा झाला होता.

"मामा, तुम्हीही हात घातला होता. माझ्या आधी. तुम्हाला काही होत नाही ना?"

"मला दर वर्षी सुई असते."

"या वर्षी झाली?"

"झाली."

"बरं झालं," जावई म्हणाला. त्याला खरोखरच बरं वाटलं होतं, ते तोंडावर दिसत होतं. "तिला कोणीतरी पाहिजे."

चिमटा बाहेर आला आणि जिन्यात बसला. हात दाखवून अवलक्षण, असं लोक सहज म्हणतात. त्याने स्वतःचा हात पालथा केला, उलथा केला. पुन्हा खिशात घातला.

त्याच संध्याकाळी यादी झाली. जावयाच्या पेल्याने पाणी प्यायलेले, त्याचं तोंड पुसलेले, त्याच्या शेजारी झोपलेले. मुलगी आणि नात, दोघींना पाच पाच सुया. पहिली लगेच दिली. बैल गेला नि झोपा केला, तसं. गोठेवाल्यालाही बोलवायचं होतं, म्हणून चिमटा स्वतः गोठ्यावर गेला. गोठेवाल्याने त्याचं सगळं ऐकून घेतलं, आत गेला आणि एक घडी घातलेलं कार्ड घेऊन आला. पाचही तारखांपुढे शिक्के होते. गड्यांचीही कार्डं होती. दुसऱ्या शहरात जाऊन टोचून आले होते सगळे, गाय पुरली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

"मला का नाही सांगितलं?" चिमट्याने विचारलं.

"तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही त्यातले जाणते." गोठेवाला खाली बघत होता. "तुम्ही गुदमरून मेली असं लिहिलंत. मी म्हटलं, लिहू दे. माझी चाळीस घरं राहिली, तुमचं नाव राहिलं. तुम्ही तुमच्या माणसांचं बघितलंच असणार, असं धरून चाललो मी." कार्डाची घडी घालत तो म्हणाला, "कोण नाही बघणार हो?"

तिसऱ्या दिवशी पहाटे जावई गेला. मृतदेहाला कोणी हात लावायचा नाही, पिशवी उघडायची नाही, तोंड बघायचं तर काचेतून. मुलीने काचेतून बघितलं. आणि त्याच दिवशी सकाळी दहाला दोघींची दुसरी सुई होती, कारण लसीची तारीख कोणाच्या दुःखासाठी थांबत नाही. चिमटा त्यांना घेऊन केंद्रावर गेला. एका हाताने नातीला धरलं होतं, तिने त्याचा तो न दुमडणारा अंगठा मुठीत घेतला होता. मुलगी कार्डं घेऊन पुढे होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. रडणंही कधीतरी संपतं.

खिडकीत सिस्टर होती. त्या दिवशीची तीच.

तिने कार्डं घेतली, नावं वाचली, कारण वाचलं आणि वर बघितलं. आधी मुलीकडे, मग मागे उभ्या असलेल्या चिमट्याकडे. ओळख पटून तिचा चेहरा मऊ झाला. "अरे देवा. तुमच्या घरचं आहे का हे?" ती म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. हळहळ होती, आणि हळहळणारी माणसं आठवेल ते बोलतात. "आणि त्या दिवशी मी एवढी कुपी पुढे केली होती हो. घरचं कोणी असेल तर आणा म्हटलं, तर तुम्ही म्हणालात कोणी नाही."

मुलगी म्हणाली, "कोणत्या दिवशी?"

"वार्षिक सुयांच्या. थांबा, सांगते." सिस्टरने वही मागे उलटली, बोट फिरवलं आणि तारीख वाचली. सोमवार.

मुलगी हिशेबाला वडिलांसारखीच पक्की होती. तिने बोटं मोजली नाहीत. ओठ नुसते हलले. रविवारी हात घातला, बुधवारी गाय मेली, त्यानंतरचा सोमवार. दुकान दोन गल्ल्या पलीकडे. मग तिने वडिलांकडे वळून बघितलं, आणि चिमटा काहीतरी बोलेल म्हणून थोडा वेळ वाट बघितली. अगदी खरोखर वाट बघितली. कुत्रं कधी शिरलं, गाय कशी ओरडत होती, सगळं सांगायची हीच शेवटची जागा होती. चिमटा सिस्टरच्या उघड्या वहीकडे बघत राहिला.

"बाई, बाही वर करा," सिस्टर म्हणाली.

मुलीने सुई घेतली. मग नातीला मांडीवर घेऊन तिचा दंड मोकळा केला, तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं. नात रडली, थांबली. सिस्टरने दोन्ही कार्डांवर पुढच्या तारखा लिहिल्या आणि सवयीने कार्डं चिमट्यापुढे धरली, कारण घरातला मोठा माणूस तोच होता. मुलीने मध्येच हात घालून ती घेतली, पर्समध्ये ठेवली आणि चेन लावली.

"पुढच्या सुयांना आम्ही दोघीच येऊ," ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते तिने सांगितलं नाही.

दोघी निघाल्या. चिमटा बाकाजवळ उभाच राहिला. व्हरांड्याच्या टोकाशी नात थांबली. निरोप द्यायला तिला बोट पाहिजे होतं, म्हणून तिने मागे वळून हात पुढे केला. मुलीने तो हात आपल्या हातात घेतला.

"आजोबा नाही येत?" नातीने विचारलं. "त्यांना नाही टोचायचं?"

"त्यांचं आधीच टोचून झालंय," मुलगी म्हणाली, आणि दोघी पायऱ्या उतरल्या.